लस टोचली तरी वस्तीत रेबीज का निघतो? कुत्र्यांच्या लसीकरणातल्या या चुका टाळा

नागपुरातल्या कोणत्याही लेआउटमध्ये रेबीजचा विषय निघाला की बोलणं दोन गोष्टींवर येऊन थांबतं. चावल्यावर इंजेक्शन कुठे मिळेल, आणि मनपाची गाडी ही कुत्री कधी उचलून नेईल. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी ९९ टक्क्यांपर्यंत प्रकरणांचं मूळ कुत्र्यात असतं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. कुत्र्यांतला रोग आटोक्यात आला की माणसांतलाही येतो. मेक्सिकोने वर्षानुवर्षं कुत्र्यांना सरसकट लस टोचली आणि २०१९ मध्ये कुत्र्यांमुळे माणसांना होणारा रेबीज संपवल्याची मान्यता याच संघटनेकडून मिळवली. आपल्या शेजारचं गोवा २०२१ मध्ये रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं. कुत्र्यांमुळे होणारा रेबीज संपवण्याचा देशाचा राष्ट्रीय आराखडाही सप्टेंबर २०२१ मध्येच आला आणि त्याने २०३० ची मुदत घातली.

आपल्याकडेही शिबिरं होतात. फोटो निघतात, लशी संपतात. तरी काही महिन्यांनी त्याच वस्तीत पिसाळलेला कुत्रा निघतो आणि लोक म्हणतात, लशीत दम नाही. लशीत दम आहे. अडचण सुटलेल्या कुत्र्यांची आहे. ही कुत्री सहसा योगायोगाने सुटत नाहीत, दरवर्षी तीच त्याच कारणाने सुटतात. म्हणून शिबिर घेणाऱ्या मंडळांनी, सोसायट्यांनी आणि घरी कुत्रा पाळणाऱ्यांनी ही कारणं नीट बघायला हवीत.

आधी रोगाची चाल

पिसाळलेला एक कुत्रा सरासरी एक ते दोन कुत्र्यांनाच हा रोग देतो. गोवराचा एक रुग्ण बारा ते अठरा जणांना देऊ शकतो. त्या मानाने रेबीज हळू पसरतो आणि म्हणूनच तो थांबवता येतो. वस्तीतल्या निदान ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली की साखळी तुटते. एवढ्या हळू पसरणाऱ्या रोगाला ७० टक्के कशाला, असं कुणी विचारेल. रस्त्यावरच्या कुत्र्याचं आयुष्य थोडं असतं, हे त्याचं कारण. अपघात, डिस्टेंपर-पार्व्होसारखे कुत्र्यांचे रोग, उपासमार यांत लस घेतलेली कुत्री मरत राहतात आणि बिनलशीची जन्मत राहतात. आज ७० वर असलेला आकडा पुढच्या मोहिमेपर्यंत सतत घसरत जातो. तो धोक्याच्या खाली जाऊ नये म्हणून सुरुवात उंचावरून करायची.

दुसरी गोष्ट म्हणजे विषाणू चाव्याच्या जागेपासून मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे सरकतो. कुत्र्यात याला सहसा दोन-तीन आठवड्यांपासून तीन-चार महिने लागतात. तोवर कुत्रा खातो, पितो, खेळतो, अगदी धडधाकट दिसतो. त्यामुळे आज तुमच्या चौकात एक कुत्रा पिसाळलेला दिसला, तर त्याला चावणारा बहुधा केव्हाच मरून गेलेला असतो. आणि त्याच सुमारास चावा बसलेली आणखी एक-दोन कुत्री आसपास मजेत फिरत असू शकतात.

चूक: अख्ख्या शहराची टक्केवारी मोजणं

शहराचा एकच आकडा काढला की मन सुखावतं. पण रेबीज टक्केवारी बघून हिंडत नाही. पिसाळलेल्या कुत्र्याचे बहुतेक चावे त्याच्या मूळ जागेपासून किलोमीटरभराच्या आतच होतात. एखादाच कुत्रा बेभान होऊन कितीतरी किलोमीटर दूर जातो. म्हणजे धरमपेठेत ९० टक्के आणि एखाद्या नव्या लेआउटमध्ये ३० टक्के अशी बेरीज करून सरासरी ६० काढली, तर ती त्या ३० टक्केवाल्या भागाला काहीच उपयोगाची नाही. तिथे रोग टिकून राहतो आणि तिथूनच परत येतो.

नागपुरात असे कप्पे कुठे तयार होतात हे डोळ्यांनी दिसतं. मटण-चिकनच्या दुकानांमागे, कॉटन मार्केट आणि कळमन्यासारख्या बाजारांच्या कडेला, भांडेवाडीच्या डम्पिंग यार्डाभोवती, रिंग रोडच्या बाहेर बेसा-हुडकेश्वरच्या बाजूला अर्धवट बांधकामांवर राखणीला ठेवलेली कुत्री. शिबिराचा मांडव मात्र बहुतेक वेळा बागेजवळ किंवा मंदिरासमोर लागतो. तिथे पट्ट्याला धरून आणलेली तीच ती कुत्री येतात, ज्यांना एरवीही लस मिळालीच असती.

नदी-नाल्यांकडे तर कुणी बघतच नाही. पेरू देशात अरेकिपा नावाचं शहर आहे. तिथे २०१५ मध्ये कुत्र्यांतला रेबीज परत निघाला. अभ्यासकांनी शोध घेतला तेव्हा शहरातून जाणारे कोरडे पाण्याचे कालवे हा कुत्र्यांचा येण्या-जाण्याचा रस्ता असल्याचं दिसलं. माणसांच्या नकाशावर दोन वस्त्या लांब होत्या, कुत्र्यांच्या वाटेवर त्या जोडलेल्या होत्या. नाग नदी, पिवळी नदी आणि त्यांना मिळणारे नाले आपल्या शहरातून असेच आरपार जातात. उन्हाळ्यात पाणी उतरलं की काठाने कुत्र्यांची ये-जा चालते. लसीकरणाचं वेळापत्रक प्रभागाच्या हद्दीप्रमाणे लावण्यापेक्षा नाल्याच्या दोन्ही काठांच्या वस्त्या एकाच आठवड्यात घेतल्या, तर बरंच साधेल असं माझं ठाम मत आहे.

चूक: फक्त सप्टेंबरमध्ये शिबिर

२८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन. त्या दिवशी कार्यक्रम व्हावेत, जरूर व्हावेत. पण वर्षाचं लसीकरण त्या एका आठवड्यात उरकलं तर पिल्लांची अख्खी पिढी हातची जाते.

आपल्याकडे रस्त्यावरच्या कुत्र्यांची पिल्लं मोठ्या संख्येने पावसाळा सरल्यावर दिसू लागतात. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत प्रत्येक गल्लीत, ठेल्याखाली, पाण्याच्या टाकीमागे एखादी वेत सापडतेच. ही पिल्लं सप्टेंबरच्या शिबिरात जन्मलेलीच नसतात. पुढचा सप्टेंबर येईपर्यंत त्यातली जगलेली आठ-दहा महिन्यांची झालेली असतात. म्हणजे मुलं ज्यांना उचलून घेतात, ज्यांच्याशी दिवसभर खेळतात, ती कुत्री आयुष्याचा सगळा पहिला काळ बिनलशीची असतात. पिल्लाचा दात बारीक असतो, ओरखडा लहान दिसतो, आणि घरचे म्हणतात, पिल्लूच तर आहे. पिल्लालाही रेबीज होतो आणि त्याच्या लाळेतूनही तो येतो.

उपाय सोपा आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये खास पिल्लांसाठी एक फेरी ठेवा. उन्हं तापायच्या आत ती होऊनही जाते. घरच्या पिल्लाला रेबीजची पहिली लस तीन महिन्यांच्या सुमारास देतात. पहिल्या वर्षी दुसरा डोस कधी द्यायचा ते तुमचे पशुवैद्यक ठरवतील, तो चुकवू नका. रस्त्यावरचं पिल्लू मात्र हाती लागलं तेव्हाच टोचावं. सरसकट मोहिमेत तीन महिन्यांखालच्या पिल्लांनाही लस द्यावी, असाच जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. कारण ते परत सापडेल याची खात्री नसते.

चूक: कान कापलाय म्हणजे झालं

कानाला खाच असलेला कुत्रा म्हणजे नसबंदी झालेला कुत्रा. नसबंदीच्या वेळी रेबीजची लस देतात. पण ती त्या वेळची. खाच जन्मभर राहते, लशीचा जोर राहत नाही. चार वर्षांपूर्वी शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्याकडे बोट दाखवून "याला लागलीय लस" म्हणणारे लोक मला प्रत्येक शिबिरात भेटतात आणि त्यात कुत्र्यांवर जीव लावणारेच जास्त असतात. नसबंदीने कुत्र्यांची संख्या आणि पिल्लांची भर कमी होते, त्यामुळे लसीकरणाचा आकडा टिकायला मोठी मदत होते. पण रेबीजपासून संरक्षण लशीनेच मिळतं आणि ती दरवर्षी द्यावी लागते.

चूक: घरचा कुत्रा मोजायचाच नाही

"मोकाट" आणि "पाळीव" असे दोन कप्पे आपण करतो. प्रत्यक्षात वस्त्यांमधली कितीतरी कुत्री मधल्या कप्प्यात असतात. दार एकाचं, भाकर तिघांची, रात्र रस्त्यावर. मालकाला वाटतं मनपा टोचेल, मनपाच्या माणसांना वाटतं हा तर घरचा दिसतो. दोघांच्या मधे तो कुत्रा सुटतो. घरोघरी विचारताना "तुमच्याकडे कुत्रा आहे का" असं विचारलं तर लोक नाही म्हणतात. "तुमच्या दारात जेवायला कोण येतं" असं विचारा, लगेच नावांसकट यादी मिळते. मोती, काळू, भुऱ्या, आणि त्यातला कोणता हाताला लागत नाही तेही.

हाताला न लागणारे महत्त्वाचे आहेत. माणसाळलेला कुत्रा उत्साहात दोनदा टोचला जातो आणि बुजरा कुत्रा एकदाही नाही. त्याच्यासाठी जाळीवाले प्रशिक्षित लोक लागतात. पोत्यात पकडणं, दोरीचा फास टाकणं असले प्रकार करू नका. एकदा असा धरलेला कुत्रा पुढची कित्येक वर्षं माणसाच्या जवळ येत नाही. पकडणाऱ्या प्रत्येकाने आधी स्वतःची रेबीजची लस पूर्ण केलेली असावी.

टोचलेल्या कुत्र्याला रंगाची खूण करा. दुसऱ्या दिवशी पहाटे, रहदारी सुरू व्हायच्या आत, त्याच गल्ल्यांतून फिरा आणि दिसेल तो कुत्रा मोजा. समजा ४० दिसले आणि २६ वर खूण आहे, तर तुमचं काम ६५ टक्के झालं. अजून निदान दोन तरी टोचायचे आहेत आणि ते कोणत्या कोपऱ्यात दिसले हेही आता ठाऊक झालं. शिबिरात किती लशी संपल्या या आकड्यापेक्षा हा आकडा कितीतरी खरा असतो, आणि तरी हीच फेरी सगळ्यात जास्त टाळली जाते.

चूक: मे महिन्यात लस पिशवीत

कुत्र्यांची रेबीजची लस २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागते. नागपूरचा पारा ४५ च्या घरात असताना गाडीच्या डिकीत काय होत असेल ते सांगायला नको. पण उन्हाने लस खराब होते हे लोकांना कळतं, बर्फाने होते हे कळत नाही. गोठवलेल्या आइस पॅकला व्हायल, म्हणजे लशीची बाटली, थेट चिकटवून ठेवली तर लस गोठते, आणि गोठलेली लस परत पातळ झाली तरी तिचा भरवसा राहत नाही. वरून बघून ओळखू येत नाही. पॅक थोडा घामेजू द्या, मधे जाड पुठ्ठा किंवा वर्तमानपत्राच्या घड्या घाला, पेटीत एक थर्मामीटर ठेवा आणि दर फेरीला आकडा लिहून काढा. दुकानातून लस घेताना तिथला फ्रीज रात्री बंद होतो का, वीज गेल्यावर काय करतात, हे विचारायला लाजू नका. व्हायलचा बॅच नंबर कुत्र्याच्या वर्णनासमोर वहीत लिहा. त्याचं काम शेवटी पडतं.

चूक: पिसाळलेला म्हणजे चवताळलेलाच, असं समजणं

एका पानठेल्याच्या फळीखाली एक कुत्री बसली होती. खालचा जबडा लोंबत होता, जीभ बाहेर, लाळेची तार छातीपर्यंत. भुंकायला गेली तर घोगरा, फाटका आवाज. समोर ठेवलेल्या वाटीत तोंड घालायची पण पाणी आत जात नव्हतं. दोन पोरं कळवळून तिच्या घशात अडकलेलं हाड काढायला निघाली होती. एकाने बाह्याही वर सरसावल्या होत्या.

हाड नव्हतं. हा मुका, म्हणजे लकव्याचा रेबीज. यात कुत्रा कुणावर धावून जात नाही. तो कोपरा धरतो, मागचे पाय लटपटतात, जबडा पडतो, गिळता येत नाही. लाळेत विषाणू भरलेला असतो. दया येऊन तोंडात हात घालणारा माणूस चावा न बसताही धोक्यात येतो, कारण हातावरच्या बारीक जखमेलाही ती लाळ पुरते.

आणखी एक गैरसमज म्हणजे पिसाळलेला कुत्रा पाण्याला घाबरतो. पाण्याची ती भीती माणसाच्या रेबीजचं लक्षण आहे. कुत्रा पाण्याजवळ जातो, त्याला फक्त गिळता येत नाही. तेव्हा "पाणी पिताना दिसला, म्हणजे ठीक आहे" हा निकष सोडून द्या. स्वभावात अचानक झालेला बदल बघा. लाडका कुत्रा एकदम दूर राहू लागला, बुजरा कुत्रा एकदम अंगाशी येऊ लागला, लाकूड-माती-दगड चावू लागला, आवाज बदलला, की त्याच्यापासून लांब व्हा, मुलांना आत घ्या आणि मनपाला किंवा पशुवैद्यकांना कळवा. लक्षणं सुरू झाल्यावर असा कुत्रा साधारण दहा दिवसांच्या आत मरतो.

चूक: मारून टाका, नाहीतर दूर नेऊन सोडा

भीतीपोटी हा विचार येतो, हे मी समजू शकतो. ज्या घरात मूल चावलं गेलंय तिथे जाऊन कुणी शहाणपण शिकवू नये. पण याने रोग कमी होत नाही. इंडोनेशियाच्या फ्लोरेस बेटावर १९९७ मध्ये बाहेरून आणलेल्या कुत्र्यांबरोबर रेबीज आला. तिथे प्रचंड संख्येने कुत्री मारली गेली, आणि तरी रोग बेटभर पसरला आणि टिकला. बाली बेटावर २००८ मध्ये तीच सुरुवात झाली, आणि प्रकरणं खाली आली ती सरसकट लसीकरण सुरू झाल्यावर.

कारण उघड आहे. मारताना लस घेतलेली कुत्रीही जातात. रिकाम्या जागेत, उकिरडा तसाच असल्यामुळे, बाजूच्या भागातली बिनलशीची कुत्री येतात. मालक आपला कुत्रा वाचवायला नातेवाइकांकडे गावी हलवतात आणि रोगाला फुकटचा प्रवास मिळतो. शहरालगतच्या वाडी भागातला कुत्रा गोरेवाड्याच्या जंगलाकडे सोडणं हे तर रोग हाताने पोचवण्यासारखंच. त्या बाजूच्या जंगलकाठी कोल्हे आणि मुंगूसही असतात, त्यांनाही रेबीज होतो.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार नसबंदी आणि लस झालेला कुत्रा त्याच्या मूळ जागी सोडायचा असतो आणि रेबीजचा संशय असलेला वेगळा ठेवायचा असतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशातही रेबीज झालेली, संशयित किंवा आक्रमक कुत्री परत सोडायची नाहीत, असं म्हटलं आहे. पुढे ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने शाळा, रुग्णालयं, बस आणि रेल्वे स्थानकांच्या आवारांसाठी वेगळी तरतूद झाली, तिथून उचललेली कुत्री तिथे परत सोडायची नाहीत.

चूक: मेलेला कुत्रा गुपचूप नाल्यात

संशयित कुत्रा मेला की सगळे सुटकेचा श्वास टाकतात आणि विषय संपतो. नेमकं तिथूनच काम सुरू व्हायला हवं. रेबीजचं खात्रीचं निदान मेंदूच्या नमुन्यातून होतं. डोक्यावर काठ्या घालून मारलेल्या किंवा दोन दिवस उन्हात पडलेल्या कुत्र्याचा नमुना वाया जातो. नमुना बर्फावर लवकर पोचावा लागतो आणि तो काढायचं काम पशुवैद्यकांचंच. प्रेताला उघड्या हाताने शिवू नका. पशुसंवर्धन विभागाच्या दवाखान्यात किंवा सेमिनरी हिल्सवरच्या नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालयात फोन करून पुढे काय करायचं ते विचारा. जनावरांतला रेबीज हा २००९ च्या केंद्रीय कायद्यानुसार कळवावा लागणारा रोग आहे.

मग त्या गल्लीपुरतं न थांबता निदान किलोमीटरभराच्या परिसरातल्या सगळ्या कुत्र्यांना लस द्या. गेल्या काही दिवसांत तो कुत्रा कुणाकुणाला चावला याची चौकशी घरोघरी करा. गाय, म्हैस, मांजर यांनाही विचारात घ्या.

चावा बसलाच तर

हे थोडक्यात, पण एकही शब्द गाळू नका. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा, घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट, तंबाखू काही लावू नका. त्याच दिवशी नागपुरातल्या मेडिकल किंवा मेयो रुग्णालयात, नाहीतर जवळच्या सरकारी दवाखान्यात जा. रक्त आलेली जखम असेल, किंवा आधीच्या जखमेला वा तोंडा-डोळ्यांना लाळ लागली असेल, तर लशीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन किंवा मोनोक्लोनल अँटिबॉडी, म्हणजे विषाणूला लगेच अडवणारी तयार प्रतिपिंडं असलेली सुई लागते. जखम असेल तर ती जखमेतच टोचतात. त्याबद्दल स्वतःहून विचारा. पोटातली चौदा इंजेक्शनं आता नाहीत, ती जुनी लस देशात २००४-०५ च्या सुमारास बंद झाली. आता दंडात चार किंवा पाच भेटींत काम होतं. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची असते, पण लस थांबवून नव्हे. लस पहिल्या दिवशी सुरू करायची आणि नजरही ठेवायची. कुत्रा दहा दिवसांनी ठणठणीत असेल तर पुढच्या डोसांचं डॉक्टर ठरवतील.

"आमच्या कुत्र्याला लस होती, तरी तो पिसाळला"

असं क्वचित घडतं, पण घडतं, आणि तेव्हा पुढील गोष्टी तपासा. लस द्यायच्या आधीच त्याला चावा बसला होता का? तसं असेल तर विषाणू आधीच वाटेला लागलेला असतो. पहिली लस फार लहानपणी दिली होती का? आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती लशीला बोथट करते, आणि दुसरा डोस राहून गेला असेल तर तो कुत्रा कागदावरच सुरक्षित होता. शेवटची लस वर्षाच्या आतली होती का? पेटीतल्या तापमानाची नोंद आहे का? आणि त्याच बॅचची लस आणखी कोणाकोणाला गेली? वहीत बॅच नंबर असेल तर त्या सगळ्या कुत्र्यांना परत टोचता येतं, नसेल तर सगळ्या वस्तीला परत टोचावं लागतं. अशा कुत्र्याच्या लसीकरणाचं कार्ड दाखवून चावलेल्या माणसाला घरी बसवू नका. कार्ड काहीही सांगत असलं तरी लक्षणं दिसणारा कुत्रा हा संशयित कुत्राच, आणि तो ज्यांना चावला त्या सगळ्यांना पूर्ण उपचार मिळायला हवेत.